डिस्ट्रोकिड, सीडी बेबी, बँडकॅम्प: मराठी स्वतंत्र कलाकाराने पैसे कुठे घालावेत?

गणपतीचं एखादं चांगलं गाणं वर्षातून दहा-अकरा दिवस वाजतं. वारीच्या अभंगाचंही तसंच, फार तर तीन आठवडे. बाकीचं वर्ष ही गाणी गप्प असतात. पुढच्या भाद्रपदात पुन्हा जागी होतात, आणि चाल लोकांच्या ओठी बसलेली असेल तर हे वीस-वीस वर्षं चालतं. मराठी संगीताची कमाई अशी थेंबाथेंबाने येते. म्हणून वितरणाच्या सेवेची पारख करताना पहिला प्रश्न हा हवा: दहाव्या वर्षी, कलाकाराचं लक्ष नसताना, गाणं तिथे असेल का? आणि दुसरा: आलेले पैसे खातेदाराच्या पलीकडे, गीतकारापर्यंत आणि ढोलकीवाल्यापर्यंत जातील का?

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन यांवर कलाकाराला गाणं थेट चढवता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. इथे दोन डिस्ट्रिब्युटर आणि एक दुकान तपासलं आहे, कारण या तिघांत पैशाचे तीन वेगळे हिशेब दिसतात. डिस्ट्रोकिड वर्षाचं भाडं घेतं, सीडी बेबी एकदाच फी आणि पुढे टक्केवारी घेतं, बँडकॅम्प विक्रीतला वाटा घेतं. दर बदलत असतात, खालचे आकडे ढोबळ धरावेत.

डिस्ट्रोकिडची सर्वात स्वस्त योजना वर्षाला साधारण 25 डॉलरची. त्यात हवी तितकी गाणी टाका, रॉयल्टीतून कपात नाही. महिन्याला एक गाणं काढणाऱ्याला याहून स्वस्त पर्याय शोधून सापडणार नाही. पण या योजनेत प्रदर्शनाची तारीख स्वतः ठरवता येत नाही, आणि नवख्यांचं पहिलं नुकसान इथेच होतं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं पाठवायचं तर ते प्रदर्शनाच्या किमान 7 दिवस आधी त्यांच्याकडे पोचलेलं लागतं. तारीखच हातात नसेल तर ही खिडकी बंद झालीच. गणपतीच्या गाण्याला तर चतुर्थीच्या चार आठवडे आधीची तारीख धरावी, कारण श्रावणात सगळेच धावतात आणि तपासणीच्या रांगा लांबतात. तेव्हा डिस्ट्रोकिड घ्यायचं तर तारीख ठरवू देणारी, याहून महाग योजनाच घ्यावी.

दुसरी अडचण मोठी आहे. वर्षाचे पैसे भरले नाहीत तर गाणी सगळ्या ॲपवरून उतरतात. कार्डाची मुदत संपली, ईमेल बदलला, कलाकार आजारी पडला, वारला, कारण काहीही असो. यावर डिस्ट्रोकिडचा उतारा म्हणजे ‘लीव्ह अ लेगसी’: एका गाण्याला सुमारे 29 डॉलर आणि अल्बमला सुमारे 49 डॉलर एकरकमी भरले की भाडं थांबल्यावरही ते राहतं. गणपती, वारी, नवरात्र अशा ठरल्या हंगामाच्या गाण्याला हा खर्च पहिल्याच वर्षी करावा. बाकी प्रयोगाच्या गाण्यांना गरज नाही.

मुळात हा नियमच बदलायला हवा. भाडं थांबलं तर गाणं उतरवण्याऐवजी त्याच्या कमाईतून 10-15 टक्के कापून ते चालू ठेवता येईल. कंपनीला पैसे मिळतील आणि श्रोत्याची प्लेलिस्टही मोडणार नाही. सीडी बेबी अनेक वर्षं जवळपास असंच करतं आहे, तेव्हा हे जमत नाही असं कोणी म्हणू नये.

1998 साली सुरू झालेली सीडी बेबी या धंद्यातली जुनी कंपनी. गाण्यामागे एकदाच सुमारे 10 डॉलर, पुढे डिजिटल कमाईतले 9 टक्के, वर्षाचं भाडं नाही. ‘9 टक्के कायमचे’ ऐकून लोक बिचकतात, म्हणून हिशेब मांडून पाहू. एकच गाणं, पाच वर्षं. डिस्ट्रोकिडच्या सर्वात स्वस्त योजनेचेही 125 डॉलर होतात. सीडी बेबीचे 10 आणि वर 9 टक्के. दोन्ही खर्च सारखे व्हायला त्या गाण्याने पाच वर्षांत सुमारे 1,280 डॉलर कमवायला हवेत, म्हणजे लाखाहून अधिक रुपये. भारतातल्या ऐकण्यावर बहुतेक स्वतंत्र मराठी गाणी तिथवर जात नाहीत. उलट वर्षाला बारा गाणी काढलीत तर सीडी बेबीचे 120 डॉलर पहिल्याच वर्षी जातात. एक-दोन नेमकी गाणी काढणारा असेल तर सीडी बेबी, सतत काढणारा असेल तर डिस्ट्रोकिड. ट्यूनकोअर या आणखी एका डिस्ट्रिब्युटरचाही हिशेब आता वर्षाच्या भाड्याचाच आहे, त्यामुळे वर डिस्ट्रोकिडबद्दल जे म्हटलं त्यातलं बरंचसं तिथेही लागू पडतं.

आता माहिती भरण्याचं काम. सेवा कोणतीही असो, इथे चूक झाली की पैसे हरवतात. आवाजाची फाइल वेव्ह, किमान 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीचा दर्जा. मुखपृष्ठ चौरस, 3000 बाय 3000 पिक्सेल, त्यावर फोन नंबर, वेबसाइटचा पत्ता किंवा इन्स्टाग्रामचं चिन्ह नको, नाहीतर परत येतं. आवाजाची पातळी −14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा जोर मोजायचं एकक) आसपास आणि शिखर −1 डेसिबलच्या खाली. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळं त्याच पातळीला आणतं, त्यामुळे जोरात मास्टर करून हाती काही लागत नाही. तबल्याच्या चाटीची धार तेवढी बोथट होते आणि हार्मोनियम कानात घुसते.

भाषा विचारली की मराठी निवडा. कलाकाराचं नाव रोमन लिपीत कसं लिहायचं ते एकदाच ठरवून कागदावर लिहून ठेवा. ‘विठ्ठल’ हे नाव एक टी, दोन टी, टीएच, टीटीएच अशा चार तऱ्हांनी लिहिलं जातं. एका गाण्याला एक, दुसऱ्याला दुसरं असं झालं की ॲपवर एकाच गायकाची दोन पानं तयार होतात आणि श्रोते विभागले जातात. सुधारता येतं, पण आठवडे जातात. दुसरं गाणं टाकताना ‘नवा कलाकार’ न निवडता आपल्या जुन्या पानाचा दुवा द्यायचा, एवढं केलं तरी निम्मा त्रास टळतो. गीतकार, संगीतकार आणि संयोजक यांची पूर्ण नावं त्या त्या रकान्यात घाला. ‘पारंपरिक’ हा शब्द तर फार जपून वापरावा.

‘पारंपरिक’ची मेख समजून घेण्यासारखी आहे. अभंग तुकोबांचा असेल तर शब्दांवर कोणाचा हक्क नाही. चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर आहे. भारतात संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. खळे 2011 मध्ये गेले, म्हणजे 2071 अखेरपर्यंत ती चाल परवानगीशिवाय घेता येत नाही. याउलट 1911 च्या ‘संगीत मानापमान’ची पदं पाहा. पदं लिहिणारे खाडिलकर 1948 मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये. दोघांचीही 60 वर्षं उलटली आहेत, तेव्हा ही पदं नव्याने गाऊन, नव्याने रेकॉर्ड करून खुशाल प्रसिद्ध करावीत. मात्र दुसऱ्याने केलेलं रेकॉर्डिंग उचलायचं नाही. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि तोही प्रकाशनापासून 60 वर्षांचा असतो.

डिस्ट्रोकिडवर ‘कव्हर’ गाण्याच्या परवान्याची जी सोय मिळते ती अमेरिकेच्या कायद्यातल्या सक्तीच्या परवान्यावर उभी आहे. भारतात कलम 31-सी लागतं: मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबायचं, मालकाला आधी नोटीस द्यायची आणि वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. घरच्या घरी गाणं करणाऱ्याला हे परवडणारं नाही. मालकाकडून लेखी परवानगी घ्यावी, किंवा नवी चाल बांधावी.

याच गाठीला यूट्यूबची कंटेंट आयडी बांधलेली आहे. दुसऱ्याच्या व्हिडिओत आपलं गाणं वाजलं की ही यंत्रणा ते ओळखून जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवते. डिस्ट्रोकिड यासाठी गाण्यामागे वर्षाला सुमारे 5 डॉलर आणि कमाईतले 20 टक्के घेतं. गाणं रील्समध्ये आणि लग्नाच्या व्हिडिओत वाजणारं असेल तर घ्यावी, पण आधी रेकॉर्डिंगमध्ये काय काय आहे ते तपासा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा ॲपमधला सूर, विकत घेतलेला ढोलकीचा लूप, कीबोर्डमधला तयार ठेका हे शेकडो गाण्यांत असतात. असं गाणं कंटेंट आयडीत घातलं की यंत्रणा तो सूर तुमचा समजते आणि भलत्याच गायकाच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने दावा लागतो. त्याने तक्रार केली की तुमचा दावा पडतो, आणि हे वारंवार झालं तर ती सोयच काढून घेतात. शास्त्रीय गाण्यात हे फार होतं, कारण एकाच पट्टीतला एकच तानपुरा सगळ्यांच्या मागे असतो. खरा तानपुरा रेकॉर्ड करा, लूप वाजवून घ्या, नाहीतर कंटेंट आयडीच्या फंदात पडू नका. आणि स्वतःचं चॅनल सर्वांत आधी, ज्यावर दावा लागू नये अशा सुरक्षित यादीत घाला. आपल्याच व्हिडिओवर आपलाच दावा लागण्याचा प्रकार हे न केल्यामुळेच होतो.

आता दुसरा प्रश्न, पैसे कोणाला. डिस्ट्रिब्युटर जे आणून देतो ते फक्त रेकॉर्डिंगचे पैसे. शब्द आणि चालीचे पैसे वेगळ्या वाटेने येतात, आणि ती वाट आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्क सोसायटीतून जाते. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा बांधला आहे की तो वारसाला किंवा हक्क सोसायटीलाच देता येतो. निर्मात्याने कागदावर सही घेतली तरी तो जात नाही. 2017 मध्ये आयपीआरएसची त्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी झाली. तरीही ‘गाणं स्पॉटिफायवर आलं, म्हणजे सगळे पैसे तिथून येतील’ असं समजून कितीतरी कवी सभासदच होत नाहीत. गाणं डिस्ट्रिब्युटरकडे पाठवलं की त्याच आठवड्यात आयपीआरएसकडे त्याची नोंद करावी, आणि दोन्हीकडे आयएसआरसी क्रमांक तोच द्यावा. हा 12 अक्षरांचा क्रमांक म्हणजे रेकॉर्डिंगचा आधार नंबर समजा.

रेकॉर्डिंगच्या पैशातला वाटा पाडायला डिस्ट्रोकिडची ‘स्प्लिट्स’ ही सोय आहे, आणि ती या सेवेतली सर्वांत चांगली गोष्ट म्हणायला हवी. समजा गायिकेला 50 टक्के, संगीत-संयोजकाला 30, ढोलकी आणि बासरीला 10-10 असे आकडे भरले, तर प्रत्येकाचा वाटा परस्पर त्याच्या खात्यात जमा होतो. गायिकेने महिन्याच्या महिन्याला हिशेब करत बसायचं नाही आणि कोणी कोणाचे पैसे अडकवायचे नाहीत. मात्र वाटेकऱ्याला तिथे स्वतःचं खातं उघडावं लागतं आणि फॉर्म भरावे लागतात. साठी ओलांडलेल्या ढोलकीवाल्याकडून हे होत नाही, आणि त्याचा वाटा नुसता पडून राहतो. यावर साधा उपाय: रेकॉर्डिंगच्या दिवशी, मानधन देतानाच, एक कागद करायचा. त्यावर गाण्याचं नाव, प्रत्येकाचं काम, टक्केवारी, पॅन, आयपीआरएसचा सभासद क्रमांक आणि सह्या. खातं तिथल्या तिथे त्याच्याच फोनवर उघडून द्यायचं. नंतर करू म्हटलं की ते होत नाही.

पैसे काढताना प्रत्येक वेळी शुल्क पडतं, म्हणून साठवून वर्षातून एक-दोनदाच काढा. ॲपकडून हिशेब दोन-तीन महिने उशिरा येतो. गणपतीचे पैसे दिवाळीनंतरच दिसतात, त्याआधी घाबरून जाऊ नये. अमेरिकन कंपनीकडे डब्ल्यू-8 बेन हा फॉर्म भरताना करार-सवलतीच्या (दोन देशांतल्या कर-कराराच्या) रकान्यात भारत निवडा आणि करक्रमांकाच्या जागी पॅन द्या. तो नीट भरला तर अमेरिकेतल्या रॉयल्टीवर 15 टक्के कापले जातात, नाहीतर 30.

स्ट्रीमिंगमध्ये एकूण पैसे वाटतात कसे, हेही पाहायला हवं, कारण डिस्ट्रिब्युटर कितीही चांगला असला तरी वरून जे येतं तेच तो देणार. स्पॉटिफायवर सगळ्यांच्या वर्गणीची एक मोट बांधली जाते आणि एकूण ऐकण्यातल्या हिश्शाप्रमाणे वाटली जाते. तुम्ही महिनाभर फक्त एकाच शाहिराचे पोवाडे ऐकलेत तरी तुमच्या शंभरातला जवळजवळ सगळा पैसा देशभर गाजणाऱ्या गाण्यांकडे जातो. शिवाय 2024 पासून ज्या गाण्याला मागच्या 12 महिन्यांत 1,000 वेळा ऐकलं गेलं नाही, त्याला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. हंगामी गाण्याला हा नियम जाचक आहे, सगळी भिस्त दहा दिवसांवर.

आणखी एक अन्याय ख्यालावर होतो. 30 सेकंद ऐकलं की एक ‘स्ट्रीम’ धरला जातो. चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल पूर्ण ऐकला तरी तोही एकच. आलाप, विलंबित आणि द्रुत असे वेगळे तुकडे, मध्ये शांतता न ठेवता, चढवावेत. तात्पुरता इलाज म्हणून हे ठीक, पण रागाची चढण मोडते हे खरंच आहे. साउंडक्लाउड या ॲपने 2021 पासून श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलाकारांतच वाटायला सुरुवात केली. डीझर या ॲपने 2023 मध्ये महिन्याला 1,000 वेळा आणि किमान 500 वेगवेगळ्या श्रोत्यांनी ऐकलेल्या कलाकाराला पैसे वाटताना दुप्पट वजन दिलं. मराठीसारख्या, मोजक्या पण निष्ठावान श्रोत्यांच्या भाषेला पहिली पद्धत जास्त मानवेल. त्यात ऐकलेली मिनिटं मोजली तर ख्यालालाही न्याय मिळेल.

म्हणूनच बँडकॅम्पचं दुकान महत्त्वाचं वाटतं. इथे श्रोता गाणं विकत घेतो. डिजिटल विक्रीतले 15 टक्के बँडकॅम्पचे, वर पैसे पाठवण्याचा खर्च; सरासरी 82 टक्के कलाकाराकडे जातात असं कंपनी सांगते. पाच डॉलरच्या अल्बममागे चार डॉलर धरा. डॉलरचे 85 रुपये आणि एका स्ट्रीमचे समजा 5 पैसे धरले, तर या एका विक्रीइतके पैसे मिळवायला 6,800 वेळा गाणं ऐकलं जावं लागेल. परदेशातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गाणारा गायक मंचावरून दुकानाचा पत्ता सांगून एका संध्याकाळी पन्नास अल्बम विकू शकतो. खरेदी करणाऱ्याचा ईमेलही कलाकाराला मिळतो, पुढच्या दौऱ्याची खबर त्यालाच द्यायची. हे कोणतंही स्ट्रीमिंग ॲप देत नाही. ‘हवी ती किंमत द्या’ हा पर्याय ठेवून किमान किंमत टाकली तर त्याहून जास्त देणारे रसिकही भेटतात. मार्च 2020 पासून काही ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प स्वतःचा वाटा सोडतं; नवा अल्बम त्या दिवशी काढावा.

बँडकॅम्पवर चढवताना फाइल फ्लॅकमध्ये (आवाज न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) द्या. नव्या खात्याला एका गाण्यामागे 291 एमबीची मर्यादा असते. चाळीस मिनिटांचा ख्याल सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये 423 एमबी होतो आणि अडतो. फ्लॅकमध्ये साधारण निम्म्यावर येतो, आवाजात काहीही कमी न होता. एमपी3 चालत नाही.

उणीवही गंभीर आहे. कंपनी 2022 मध्ये एपिक गेम्सने घेतली, 2023 मध्ये साँगट्रेडरला विकली, आणि त्या वेळी निम्म्याच्या आसपास कर्मचारी गेले. म्हणून मूळ फाइली, गाण्यांचे शब्द, ग्राहकांच्या ईमेलची यादी दर तीन महिन्यांनी उतरवून स्वतःकडे ठेवा. त्याहून मोठा अडसर देशातल्या श्रोत्याचा आहे. पैसे पेपालने किंवा कार्डाने द्यायचे, यूपीआय नाही. पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार 1 एप्रिल 2021 पासून बंद केले आहेत. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावा लागतो, आणि बँक वर चलनबदलाचं शुल्क लावते. सांगलीचा रसिक 200 रुपये द्यायला आनंदाने तयार असतो, पण एवढा खटाटोप तो करत नाही.

देशातल्या श्रोत्यासाठी सध्या चालणारी वाट अशी: स्वतःच्या साध्या पानावर पेमेंट गेटवेचा यूपीआय दुवा, पैसे आले की फ्लॅक आणि एमपी3 दोन्हींचा डाउनलोड दुवा ईमेलने, सोबत शब्दांची पीडीएफ. कार्यक्रमाच्या प्रवेशद्वारापाशी त्याच दुव्याचा क्यूआर कोड छापून लावायचा. बँडकॅम्पचं पान परदेशी श्रोत्यांसाठी ठेवायचं.

एका डिस्ट्रिब्युटरकडून दुसऱ्याकडे जायचं तर घाईने जुनं गाणं उतरवू नका. नव्या ठिकाणी तीच फाइल, तेच नाव, तोच आयएसआरसी आणि तीच मूळ प्रदर्शनाची तारीख भरा. दोन्ही प्रती ॲपवर दिसू लागल्या आणि ऐकण्याचे आकडे एकसारखे दिसले की मगच जुनी प्रत काढा. आयएसआरसी बदलला तर वर्षानुवर्षं साठलेले आकडे शून्यावर येतात, प्लेलिस्टमधली जागाही जाते. ही अदलाबदल गणपतीनंतर, पितृपक्षात करावी.